नोटीस बोर्डावरचं लग्न

विवाह नोंदणी कार्यालयातला फळा सहसा कोणी थांबून वाचत नाही. टाचण्यांनी लावलेले, कडेने पिवळे पडलेले कागद असतात. प्रत्येक कागदावर दोन माणसांची नावं, वयं, व्यवसाय, राहते पत्ते, आणि आधी लग्न झालं होतं का याची माहिती. काही ठिकाणी फोटोही असतात. शेजारी मुद्रांकाचे दर आणि ‘दलालांपासून सावध राहा’ अशी पाटी. ज्यांना तो वाचण्याचं काहीच कारण नाही अशी माणसं त्याच्याकडे पाठ करून रांगेत उभी असतात. जो मन लावून वाचत असतो, त्याचीच भीती वाटावी.

मी आजवर तीन जोडप्यांचा साक्षीदार झालो आहे. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र सहज सापडतात, तिसऱ्यासाठी फोनाफोनी होते. मी बहुतेक वेळा तो तिसरा असतो. याला आपण ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, पण त्यात कोर्ट कुठेच नाही. आपल्याकडे हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे, म्हणजे जो विभाग फ्लॅटचे करारनामे नोंदवतो तोच. फरक एवढाच की फ्लॅट त्याच दिवशी नोंदला जातो. लग्नाला तीस दिवस फळ्यावर टांगून राहावं लागतं.

ज्या कायद्याखाली हे लग्न होतं तो विशेष विवाह कायदा १९५४ चा, अंमल १ जानेवारी १९५५ पासून. त्याप्रमाणे दोघांपैकी एकाने तरी नोटीस देण्यापूर्वी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य केलेलं हवं. मग नोटीस. ती विवाह अधिकाऱ्याच्या वहीत चढते आणि ती वही कोणीही, फी न देता, पाहू शकतो. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लागते. कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या फळ्यावर लावायला जाते. पुढचे तीस दिवस कोणालाही हरकत घेता येते. हरकत आली की चौकशीसाठी अधिकाऱ्याला आणखी तीस दिवस. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून.

हरकत ‘कोणीही’ घेऊ शकतो, हे पुन्हा वाचा. नातं असण्याची अट नाही, ओळख असण्याचीही नाही. हरकतीची कारणं मात्र कायद्याने चारच ठेवली आहेत: पहिला जोडीदार हयात आहे, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, मुलगा एकवीस किंवा मुलगी अठरा वर्षांची नाही, किंवा दोघं निषिद्ध नात्यातले आहेत. जात वेगळी, धर्म वेगळा, घरच्यांना पसंत नाही, मुलाला नोकरी नाही, यातलं एकही कारण चालत नाही. म्हणजे विरोध करणाऱ्या घराला ही नोटीस कायद्याने काहीच देत नाही. प्रत्यक्षात मात्र सगळं देते: नाव, पत्ता, आणि तीस दिवसांची मुदत. मुलीला गावी नेऊन ठेवायला, मोबाइल काढून घ्यायला, घाईने दुसरीकडे उजवून टाकायला तेवढे दिवस पुरून उरतात. त्यासाठी हरकतीचा अर्ज करावा लागतच नाही.

विनाकारण हरकत घेणाऱ्याला दंड आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५४ साली ही रक्कम जरब बसवणारी असेल. आज एवढ्यात लग्नाचे हारही येत नाहीत.

हा फळा आला कुठून? १८७२ साली, बंगालातले सुधारक केशवचंद्र सेन आणि त्यांच्या ब्राह्मो समाजातल्या मंडळींच्या आग्रहातून, ब्रिटिश सरकारने नोंदणी विवाहाचा पहिला कायदा केला. त्याची अट अजब होती: आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही असं दोघांनी लिहून द्यायचं. लग्न करायचं तर धर्मातून बाहेर पडा. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नातून हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात लग्न करण्यापुरती ही अट सैल झाली. त्याआधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला होता. आणि १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीतल्या आपल्या निवासस्थानी बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी नोंदणी पद्धतीनेच लग्न केलं. महाराष्ट्राला या वाटेची ओळख नवी नाही.

१९५४ च्या कायद्याने धर्म सोडण्याची अट पुरती काढून टाकली, हे त्याचं मोठेपण. पण त्याच कायद्याने एक गोष्ट उलटी केली आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १८७२ च्या कायद्यात नोटिशीची मुदत चौदा दिवसांची होती, वास्तव्याची अटही चौदा दिवसांची. ब्रिटिशांनी चौदा ठेवले होते, स्वतंत्र भारताने तीस केले.

मूळ कल्पना विलायती. तिथल्या चर्चमध्ये तीन रविवार ओळीने लग्नाची घोषणा व्हायची आणि कोणाला अडचण माहीत असेल तर आत्ताच सांगा, असं विचारलं जायचं. १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकच्या कायद्याने ही घोषणा किंवा परवाना सक्तीचा केला. एकवीस वर्षांखालच्यांच्या लग्नाला आईबापांना मोडता घालता येईल अशी सोयही केली. मोठ्या घरच्या वारसांची गुपचूप लग्नं थांबवणं हा हेतू उघड होता. परिणाम काय झाला? कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून सरहद्दीपलीकडचं ग्रेटना ग्रीन हे पहिलंच गाव पळून आलेल्या जोडप्यांचं ठिकाण झालं. गावचा लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लावायचा. पुढे १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्येही एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली, तेव्हा कुठे तो ओघ आटला.

आपल्याकडे आळंदी आहे. मुलगा-मुलगी दोघंही हिंदू असले तर आळंदी गाठायची. भटजी, हार, मंगळसूत्र, फोटोग्राफर, साक्षीदार, सगळं एकाच छताखाली. तासाभरात सप्तपदी होते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातल्या लग्नाच्या अटी जवळपास याच आहेत, वय तेच, पहिला जोडीदार हयात नसण्याची अट तीच, पण नोटीस नाही, फळा नाही. फेरे झाले की लग्न झालं, नोंदणी मागाहून. आणि नोंदणी राहून गेली तरी लग्न रद्द होत नाही, असं कायदाच म्हणतो.

आळंदीचं नाव निघालं की मला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. परंपरा सांगते की संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना समाजाने वाळीत टाकलं आणि त्यांच्या चार मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. समाजाने न मानलेल्या संसारातला मुलगा ज्या गावात समाधिस्थ झाला, त्याच गावाकडे आज घरच्यांनी न मानलेली लग्नं कागदासाठी धाव घेतात. योगायोगच म्हणायचा.

पण आळंदीचा दरवाजा सगळ्यांना उघडा नाही. दोघांचे धर्म वेगळे असले, तर धर्म न बदलता लग्न करायला या देशात ढोबळमानाने एकच राजरस्ता आहे, विशेष विवाह कायद्याचा. आणि त्याच रस्त्यावर हा तीस दिवसांचा नाका आहे. मग माणसं आडवाट शोधतात. दोघांपैकी एक धर्म बदलतो, कधी मनाविरुद्ध, कधी निव्वळ कागदापुरता, आणि दुसऱ्याच्या धर्माच्या पद्धतीने एका दिवसात लग्न होतं. २०२१ च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर नेमकं असंच जोडपं आलं होतं. मुलगी मुस्लिम, मुलगा हिंदू. तिने धर्म बदलून लग्न केलं आणि वडिलांनी तिला घरात अडकवून ठेवलं. विशेष विवाह कायद्याने लग्न करता आलं असतं, पण तीस दिवस नाव जाहीर झालं असतं तर घरच्यांनी आणि गावाने ते होऊच दिलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने निकाल दिला की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. त्यांनी लेखी मागणी केली नाही तर अधिकाऱ्याने ती प्रसिद्ध करू नये.

माझा मुद्दा हाच आहे. लग्नासाठी धर्म बदलावा लागू नये म्हणून जो कायदा झाला, त्याच्यातली एक अट लोकांना धर्म बदलायला लावते. लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतरांवर ज्यांचा आक्षेप आहे, त्यांनी तर ही अट काढण्यासाठी सगळ्यांत आधी उभं राहायला हवं. ते तसं करत नाहीत. आक्षेप धर्मांतरावर आहे की लग्नावर, हे त्यावरून ज्याने त्याने ओळखावं.

नोटिशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकू या, कारण त्यात सगळंच फोल नाही. पहिला मुद्दा फसवणुकीचा: आधीचं लग्न लपवणारा सापडेल कसा? १८७२ साली हा प्रश्न खरा होता. ना ओळखपत्र, ना जन्मदाखला, शेजारीपाजारी हीच नोंदवही. पण नागपुरात बायको असलेला माणूस पुण्यात लग्न करू लागला तर पुण्याच्या फळ्यावरचा कागद नागपुरातल्या बायकोला कसा दिसणार? त्याने कायमचा पत्ता खरा लिहिला तरच प्रत तिकडे जाणार. जो पत्नी लपवतो तो पत्ता खरा लिहील ही अपेक्षा भाबडी आहे. लबाडाला हा फळा अडवत नाही. ज्यांनी सगळं खरं लिहिलं त्यांनाच तो उघडं पाडतो.

दुसरा मुद्दा, आईवडिलांना कळायला नको का? कळावं, जरूर कळावं, सांगावंही. पण सांगणं हे मुलांचं काम आहे, सरकारी फळ्याचं नाही. अठरा आणि एकवीस वर्षांच्या माणसांच्या लग्नाला पालकांची संमती लागते असं कायद्यात कुठेही नाही. तरीसुद्धा एका कार्यालयात, मी साक्षीदार असताना, मुलीला टेबलापलीकडून ‘वडिलांचं पत्र आणलंय का’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि स्वतः कर भरत होती. तिने शांतपणे विचारलं, ‘कोणत्या कलमाखाली?’ मग पत्र लागेनासं झालं. सगळ्याच मुलींना कलम विचारण्याचं धैर्य होतं असं नाही. घरी नोटिशीची प्रत पाठवणं, पोलिसांकडून पडताळणी करणं हे उद्योगही कायद्याबाहेरचे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच ते थांबवायला सांगितलं होतं आणि अशा पत्रामुळे कोणाच्या जिवावर बेतू शकतं हेही नोंदवलं होतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो: तरुण घाई करतात, महिनाभर थांबले तर बिघडलं कुठे? थांबणं खरोखर शहाणपणाचं असेल तर ते सगळ्यांना लावा. कांदेपोहे झाल्यावर पंधरा दिवसांत साखरपुडा आणि महिन्यात बार उडवणाऱ्यांनाही लावा. कार्यालयाच्या दारावर तीस दिवस नोटीस, कोणीही येऊन हरकत घ्यावी. मुहूर्त टळला तर टळला. हे कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. मग शहाणपणाची सक्ती दोन धर्मांतल्या जोडप्यालाच का?

कायदा कागदाला किती किंमत देतो, यातही सगळीकडे एक न्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असं सांगितलं, महाराष्ट्रात तर त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दोन वैमानिकांच्या प्रकरणात सांगितलं की विधीच झाले नसतील तर हिंदू विवाहाचं प्रमाणपत्र हा नुसता कागद, त्याने लग्न होत नाही. त्या दोघांनी आधी प्रमाणपत्र घेतलं होतं, समारंभ पुढे करायचा होता. निकाल योग्यच होता. पण विशेष विवाह कायद्यात मात्र कागद हेच लग्न: अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारायचे, आणि ते प्रमाणपत्र निर्णायक पुरावा. मला ही पद्धत जास्त स्वच्छ वाटते. तिच्याच दारात काटे पेरलेत, याचं वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी यातूनही वाट काढली आहे, ती विमानतळावरून जाते. परदेशातलं लग्न म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आणि ड्रोनचे फोटो दिसतात. बहुतेकदा तो निव्वळ समारंभ असतो, कागद घरीच होतो. पण कागदासाठीच जायचं म्हटलं तर जगात फार तऱ्हा आहेत. फ्रान्समध्ये फक्त नगरपालिकेतलं लग्न धरलं जातं, चर्चमध्ये किंवा मांडवात काहीही करा, आणि त्या गावाशी वास्तव्याचं काही नातं असावं लागतं. इंग्लंडमध्ये अठ्ठावीस दिवसांची नोटीस आजही आहे, आणि बाहेरच्या माणसाला लग्नापुरता वेगळा व्हिसा. याउलट लास वेगासमध्ये परवाना त्याच दिवशी मिळतो. डेन्मार्क वास्तव्याची अट घालत नाही, म्हणून युरोपभरची वेगवेगळ्या देशांतली जोडपी तिथे जातात. इस्रायल आणि लेबनॉनमध्ये नोंदणी विवाहाची सोयच नाही, म्हणून तिथली आंतरधर्मीय जोडपी जवळच्या सायप्रसला जातात. आपल्याकडे सोय आहे आणि तरी लोक बाहेर बघतात, ही लाज त्यांच्यापेक्षा मोठी.

बाहेर जाणाऱ्याला आणखी एक कागद लागतो, अविवाहित असल्याचा दाखला. त्याचं प्रतिज्ञापत्र, राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का. हा द्राविडी प्राणायाम आहे खरा. पण त्याकडे जरा बारकाईने पाहा: इथे सरकार काय विचारतं? तुम्ही कोण, आणि तुमचं आधी लग्न झालेलं आहे का. उत्तर शपथेवर घेतलं जातं, खोटं निघालं तर शिक्षा आहे. गावाला विचारत बसत नाहीत. परदेशात लग्न करणाऱ्या भारतीयाच्या शपथेवर विश्वास ठेवता येतो, तर इथे लग्न करणाऱ्याच्या शपथेवर का नाही? गंमत म्हणजे परदेशातल्या आपल्याच वकिलातीत, १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली, लग्न करायला गेलात तर नोटीस आणि तीस दिवस तिथेही हजर आहेत. फळा आपण समुद्रापार नेऊन ठेवला आहे.

परदेशाचा विषय निघाल्यावर टाकून दिलेल्या बायकांबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर माझा युक्तिवाद अर्धवट राहील. परदेशी नोकरीतला मुलगा सुट्टीत येतो, पंधरा दिवसांत थाटामाटात लग्न होतं, व्हिसा पाठवतो म्हणून जातो आणि परत येत नाही. क्वचित तिकडे आधीची बायको असते. ही फसवणूक खरी आहे आणि तिच्याविरुद्ध कायदा हवा. २०१९ मध्ये राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक आलं होतं: तीस दिवसांत नोंदणी, नाही केली तर पारपत्र जप्त करण्याची तरतूद. ते पुढे गेलं नाही. पण ही लग्नं होतात कशी ते पाहा. मांडवात होतात, आईवडिलांच्या संमतीने, चारशे पाहुण्यांसमोर, पत्रिका छापून. एवढी जाहिरात होऊनही मुलगी फसतेच. तिला वाचवायला नोंदणी लागते, पारपत्राशी जोडलेला अभिलेख लागतो, पोटगी वसूल करणारी यंत्रणा लागते. फळ्यावरच्या कागदाने तिचं काही भलं झालेलं नाही.

तर काय करावं? विवाह अधिकाऱ्याला पूर्वीच्या विवाहनोंदी पाहता येतील अशी सोय हवी, पण ती अधिकाऱ्यापुरती, जगाला उघडी नको. केरळने विवाहाच्या नोटिसा संकेतस्थळावर टाकणं २०२० मध्ये बंद केलं, कारण त्या उतरवून घेऊन समाजमाध्यमांवर फिरवल्या जात होत्या. तोंडी फिरणाऱ्या बातमीपेक्षा ते वाईट होतं. दोघांकडून शपथपत्र घ्यावं. घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला लागेल तिथे घ्यावा. वयाचा पुरावा पाहावा. आणि एक गोष्ट जास्तीची करावी: मुलगा-मुलगी दोघांनाही वेगवेगळं बसवून, बाकी सगळ्यांना खोलीबाहेर ठेवून, ‘तुझ्या मर्जीने आहे ना?’ असं विचारावं. जबरदस्तीने होणारं लग्न यातून तरी सापडेल, फळ्यावरून कधीच सापडणार नाही. वास्तव्याची तीस दिवसांची अट तर आजच्या काळात हास्यास्पद आहे. घर सोडून आलेल्या जोडप्याला महिनाभर भाड्याने खोली कोण देतं, आणि भाडेकराराशिवाय वास्तव्य सिद्ध कसं करणार?

हे दिल्लीनेच करायला हवं असं नाही. विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात आपल्यापुरतं कलम घालून भटजीशिवायच्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. महाराष्ट्राची विधानसभाही विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रपतींकडे पाठवू शकते. पण इथे वारं दुसरीकडेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती काढली. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ राहू दिला. दुसऱ्या हाताने हेच राज्य ठरावीक प्रवर्गांतल्या आंतरजातीय जोडप्यांना पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, धर्म बदलून लग्न केलेल्या केरळच्या हादियाच्या आणि खाप पंचायतींच्या अशा दोन प्रकरणांत, सज्ञान माणसाने कोणाशी लग्न करावं हा त्याचा स्वतःचा निर्णय आहे असं बजावलं. ते निकाल इथल्या फळ्यापर्यंत पोचलेले नाहीत. अलाहाबादचा निकालही इथल्या कारकुनाला बंधनकारक वाटत नाही. त्याच्यासमोर छापील कायदा आहे आणि त्यात ‘ठळक जागी लावावी’ असं लिहिलेलं आहे.

गेल्या वेळी साक्षीदार म्हणून गेलो तेव्हा सह्या झाल्यावर मुलगी फळ्याजवळ गेली. तिची नोटीस अजून तिथेच होती, तिच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यासह. काम झालं होतं, प्रमाणपत्र हातात होतं, तरी कागद काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने शिपायाला विचारलं, हा काढू का? तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. साहेब जेवायला गेले होते. आम्ही अर्धा तास थांबलो आणि मग निघालो.